खा-खा थांबवणारं इंजेक्शन

विदर्भातल्या लग्नाच्या पंगतीत वाढपी चौथ्यांदा पोळ्यांची परात घेऊन येतो. यजमान मागून "घ्या ना काकाजी, एक तर घ्या" म्हणून गळ घालतात आणि काकाजी ताटावर दोन्ही हात आडवे धरून म्हणतात, "बस बाप्पा, आता पोटात जागा नाही." काकाजी खोटं बोलत नाहीत, पण शरीरशास्त्राच्या हिशेबाने त्यांचं चुकतं. जठर ही ताणणारी पिशवी आहे. आणखी दोन पोळ्या आणि वाटीभर बुंदी तिच्यात सहज मावेल. (बुंदी समोर आली की मावतेही.) मग "बस" हा शब्द काकाजींच्या तोंडी घातला कोणी?

तो येतो जठराच्या बऱ्याच खालून. लहान आतड्याच्या अस्तरात, विशेषतः त्याच्या शेवटच्या टप्प्यात, 'एल' नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. अन्न आलं की त्या रक्तात एक हार्मोन सोडतात. नाव रुक्ष आहे, जीएलपी-१. जेमतेम तीस अमिनो आम्लांची ही साखळी आपल्या शरीरात तीन ठिकाणी हुकूम सोडते. स्वादुपिंडाला सांगते, साखर चढतेय, इन्सुलिन सोड. जठराला सांगते, दमाने घे, पुढे ढकलायची घाई नको. आणि मेंदूला सांगते, पुरे. यातली खरी गंमत पहिल्या हुकमात आहे: रक्तात साखर वाढलेली असेल तरच तो पाळला जातो. साखर उतरली की हुकूम आपोआप थंडावतो. इतकं समंजस रसायन शरीरात फार नाही.

आतडं स्वादुपिंडाशी बोलतं, हे कळलं एका साध्या प्रयोगातून. १९६० च्या दशकात संशोधकांनी माणसांना ग्लुकोज दोन वाटांनी दिलं, एकदा शिरेतून आणि एकदा तोंडातून. तोंडातून दिलेल्या ग्लुकोजला स्वादुपिंडाने कितीतरी जास्त इन्सुलिन सोडून उत्तर दिलं. म्हणजे आतड्यातून जाताना कोणीतरी पुढे वर्दी देत होतं. ही वर्दी देणाऱ्या हार्मोन्सपैकी जीएलपी-१ सापडायला आणखी वीसेक वर्षं लागली आणि ते सापडलं एका माशामुळे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल हॅबनर आणि त्यांचे सहकारी अँग्लरफिश या समुद्री माशाचा एक जनुक वाचत होते. मासाच का? तर या माशात अशी हार्मोन्स बनवणाऱ्या पेशींची वेगळी गाठ असते आणि ती सहज काढता येते. १९८२ मध्ये त्यांना ग्लुकागॉन या हार्मोनच्या जनुकात ग्लुकागॉनशिवाय त्याच्यासारखा आणखी एक मजकूर दडलेला दिसला. पुढच्याच वर्षी माणसाच्या जनुकातही तसाच मजकूर निघाला. त्यातला नेमका कोणता तुकडा कामाचा, हे हुडकणाऱ्यांत होत्या स्वेतलाना मोयसोव. त्यांचं नाव कित्येक वर्षं मागेच राहिलं. २०२४ चा लास्कर पुरस्कार हॅबनर आणि लोटे ब्येर नुडसेन यांच्यासोबत त्यांना मिळाला, तेव्हा कुठे ती बाकी फिटली.

हार्मोन सापडलं, पण त्याचं औषध करायला गेलं तर हाती काही राहीना. कारण जीएलपी-१ चं आयुष्य एक-दोन मिनिटांचं. डीपीपी-४ नावाचं एन्झाइम टपूनच असतं, ते साखळीचं टोक कापून टाकतं आणि खेळ खलास. तुमच्या घरात मधुमेहाचं कोणी असेल तर त्यांच्या औषधाच्या डब्यात बघा. 'ग्लिप्टिन'ने संपणारं नाव असलेली गोळी बहुधा सापडेल: सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन. ती गोळी याच कापणाऱ्या एन्झाइमचे हात बांधते. साखर त्याने थोडी उतरते, वजन मात्र हलत नाही. वजन हलवायचं तर हे हार्मोन दिवसचे दिवस रक्तात टिकायला हवं होतं.

इथे कथेत येतो एक सरडा. अमेरिकेच्या वाळवंटात राहणारा, काळ्या-नारिंगी खवल्यांचा, आपल्या घोरपडीच्या दूरच्या नात्यातला हिला मॉन्स्टर. घोरपड बिचारी माणसाला काही करत नाही, हा मात्र विषारी. वर्षातून मोजकी जेवणं करतो, पण एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं गिळू शकतो आणि चरबी शेपटीत साठवतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. जॉन एंग यांना त्याच्या विषात एक पदार्थ सापडला, एक्सेंडिन-४. साल १९९२. तो आपल्या जीएलपी-१ शी निम्म्याहून अधिक जुळत होता आणि डीपीपी-४ ला दाद देत नव्हता. संस्थेने पेटंटमध्ये रस दाखवला नाही, तेव्हा एंग यांनी ते स्वतःच घेतलं. त्यातून २००५ मध्ये एक्सेनाटाइड हे औषध बाजारात आलं. मधुमेही माणसं त्याची सुई दिवसातून दोनदा टोचून घेऊ लागली. सरड्याच्या लाळेतून निघालेली युक्ती माणसाच्या साखरेला लगाम घालते, हे वाचून मी पहिल्यांदा दोन मिनिटं नुसता बसून होतो.

डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीत नुडसेन यांनी दुसरी वाट धरली. सरड्याचं हार्मोन घेण्यापेक्षा माणसाचंच थोडं बदलायचं. त्याला मेदाम्लाची शेपटी जोडायची. ही शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते, आणि गर्दीच्या एसटीत दाराच्या दांड्याला धरून लटकलेल्या पोरासारखं हार्मोन त्याच्यासोबत शरीरभर फिरत राहतं. आधी लिराग्लुटाइड आलं, रोजच्या सुईचं. मग शेपटी आणखी लांबवली, कापणाऱ्या एन्झाइमच्या नेमक्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं, आणि झालं सेमाग्लुटाइड. दोन मिनिटांच्या जिवाला आठवड्याचं आयुष्य मिळालं. टिर्झेपाटाइड हे नंतरचं औषध एकाच रेणूने जीएलपी-१ आणि जीआयपी अशा दोन हार्मोन्सचं काम करतं. बाजारातली नावं आता सगळ्यांच्या तोंडी आहेत: ओझेम्पिक, वेगोवी, मुंजारो.

विदर्भाच्या वाचकाला इथे एक कोडं पडायला हवं. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरांत नेलेली दोन जेवणांची पद्धत आपल्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी करून पाहिलेली आहे. त्यात इन्सुलिन हा खलनायक. खाल्लं की इन्सुलिन, इन्सुलिन म्हणजे चरबीची साठवण. आणि ही नवी औषधं तर इन्सुलिन वाढवतात! मग वजन कमी कसं होतं?

उलगडा मेंदूत आहे. सेमाग्लुटाइड घेणारी माणसं जे वर्णन करतात त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे, खा-खा. जेवण होऊन तास झाला तरी डोक्यात फरसाणाचा डबा फिरत राहणं, कपाटातल्या लाडवांची मोजदाद चालू राहणं. सुई सुरू झाल्यावर ही खा-खा कमी होते, काहींची जवळजवळ बंदच पडते. ताट समोर येतं, माणूस अर्धी भाकर खातो आणि उठतो. निग्रह नाही, उपास नाही, नुसतं मन उठतं. इन्सुलिन वाढलं तरी तोंडात जाणारं अन्नच घटलं, तर साठवायला उरणार काय? लठ्ठ माणसाला आपण आजवर "तोंडावर ताबा नाही" म्हणून हिणवत आलो. त्या ताब्याचा केवढा मोठा हिस्सा रसायनाचा होता, हे या सुईने दाखवून दिलं. माझ्या मते हा तिचा सगळ्यात मोठा उपकार आहे, वजन घटण्यापेक्षाही.

घट थोडीथोडकी नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ प्रौढांपैकी काहींना सेमाग्लुटाइड आणि काहींना नुसती नकली सुई दिली. ६८ आठवड्यांनी औषधवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, नकलीवाल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत हा आकडा २०.९ टक्क्यांवर गेला. त्याहून महत्त्वाची चाचणी २०२३ ची. वजन जास्त, हृदयविकार आहे, पण मधुमेह नाही अशा १७,६०४ माणसांत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केलं. २०२४ मध्ये मधुमेहींच्या मूत्रपिंडालाही या औषधाने आधार मिळतो असं दिसलं. गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणं, यकृतातली चरबी, प्रत्येक ठिकाणी काही ना काही चांगलं निघालं.

आणि दारू. हे वाचताना यवतमाळच्या वाचकाचे कान टवकारतील. बाजूचा वर्धा जिल्हा कधीचा दारूबंदीचा, आणि आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी तीच मागणी घेऊन वर्षानुवर्षं मोर्चे काढले. २०२५ मध्ये आलेल्या एका अमेरिकी चाचणीत सेमाग्लुटाइडच्या कमी मात्रेवर नऊ आठवडे राहिलेल्यांची दारूची तल्लफ कमी झाली आणि बैठकीतलं पिण्याचं प्रमाणही उतरलं. चाचणी अवघ्या ४८ जणांची. त्यावर घर बांधू नये. पण आतड्यात जन्मलेलं एक हार्मोन माणसाच्या ग्लासाकडे जाणाऱ्या हातापर्यंत पोचतं, ही गोष्टच डोकं चक्रावून टाकणारी आहे.

इथवर सगळं पाश्चात्त्यांच्या शरीरांवर मोजलेलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. आपलं शरीर वेगळं आहे का? याचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं, आणि ते जगाने मान्य केलं आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण बाळांच्या पाठीवरची कातडी चिमट्यात धरून जाडी मोजली, तेव्हा वेगळंच दिसलं. वजन कमी, स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच. काटकुळ्या बाळाच्या आत जपून ठेवलेली चरबी.

२००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच: २२.३. दोघंही सडपातळ. मग शरीरातल्या चरबीचं मोजमाप: युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच तोलत होता, आणि आत दुपटीहून जास्त फरक. सडपातळ आणि तरीही चरबीदार अशा भारतीय शरीराचा हा फोटो जगभरच्या वैद्यकीय वर्गांत दाखवला जातो.

असं का? याज्ञिक आणि त्यांच्यासोबतचे संशोधक बोट दाखवतात ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीकडे. आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि इतरांनी २०१५ मध्ये ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या उंदरांना पुढे दोन पिढ्या भरपेट अन्न मिळालं, तरी मधुमेहाकडे झुकलेलं त्यांचं शरीर पूर्वपदावर आलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्या बायकांची नातवंडं आज तिशी-पस्तिशीत आहेत. त्यांच्या पोटावरचा टायर फक्त समोशांचा नसेल.

आता ही दोन टोकं जुळवून पाहा. एकीकडे भूक मिटवणारं औषध, दुसरीकडे भुकेची आठवण घेऊन जन्मलेलं, स्नायूंत मुळातच दुबळं शरीर. या औषधांनी वजन उतरतं तेव्हा एकटी चरबी उतरत नाही. सेमाग्लुटाइडच्या त्याच मोठ्या चाचणीतल्या काही जणांचं शरीर यंत्राने तपासलं, तेव्हा घटलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबी सोडून इतर गोष्टींचा निघाला. त्यात पाणी आणि इतर अवयवही धरलेले असतात, सगळा स्नायूच नाही. आणि कोणत्याही मार्गाने झपाट्याने वजन उतरवलं तरी स्नायू जातोच. पण ज्याच्याकडे मुळात भांडवल कमी, त्याने ते कुठे घालवायचं? भूक मेलेल्या माणसाकडून वरण, उसळ, अंडंही सुटू शकतं.  म्हणून ही सुई सुरू असताना ताटात डाळ-दाणे-अंडी-दही मोजून हवं आणि हातापायांना वजन उचलायचा व्यायाम हवा. हे मला औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक पेच. आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या आत चरबी लवकर साठते. औषध मात्र वजनासाठी मंजूर आहे ते ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत बीपी-शुगरसारखा आजार असेल तर. शिवाय मधुमेह म्हटलं की लठ्ठ माणूस डोळ्यांपुढे आणण्याची सवय आपण सोडायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायका जादा वजनाच्या निघाल्या आणि १८.७ टक्के बायका हाडकुळ्या. दोघी एका गावात, कधी एका घरात राहतात. कापूस वेचणारी, पंचेचाळीस किलोची, शुगर असलेली बाई मारेगाव-झरी भागात डॉक्टरांना नवीन नाही. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'टाइप ५' असं वेगळं नाव दिलं. अशा बाईची उरलीसुरली भूक मारणारं औषध तिच्या कामाचं नाही.

धोक्यांची बाकीची यादी मी भराभर सांगतो. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ हे नेहमीचे. मात्रा हळूहळू वाढवली तर बहुतेकांना झेपतात. पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. स्वादुपिंडाला सूज क्वचित येते, पण आली तर जिवावर बेतते. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास स्वतःला किंवा घरात असेल तर हे औषध नाही. उंदरांत अशा गाठी दिसल्या होत्या. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटण्याचा प्रकार अत्यंत विरळा, सेमाग्लुटाइड घेणाऱ्या दहा हजारांत एखाद्याला होऊ शकतो, असं युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये नोंदवलं. आधीच ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्यांची मात्रा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावी लागते. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या सुईबद्दल सांगायलाच हवं, कारण उपाशी असूनही जठरात अन्न रेंगाळलेलं असू शकतं. आणि मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायचं. लग्नाच्या शालूसाठी पाच किलो उतरवायला निघालेल्या मुलींना हे कोणी सांगतं का, मला शंका आहे.

या यादीत नसलेली एक गोष्ट मात्र यवतमाळात उभी राहते, ती म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ ला टेकतो. ही औषधं प्रथिनांच्या जातीची, उष्णतेने नासणारी. न उघडलेलं पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, वापरात आल्यावर ठरावीक दिवसच आणि ३० अंशांच्या आत. बर्फाच्या कप्प्यात जाऊन गोठलं तर फेकून द्यायचं. यवतमाळच्या दत्त चौकातून घेतलेलं पेन पिशवीत टाकून दुपारच्या बसने पांढरकवड्याला नेलं, तर घरी पोचेपर्यंत त्यातलं औषध बिघडायला लागलेलं असू शकतं. त्यात वीज गेली तर फ्रीजही बंद. वरून पाहून काही कळत नाही. खेड्यात इन्सुलिनची बाटली गार माठात ठेवायची युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे. तशी सोय या पेनांच्या बाबतीत न उघडलेल्या मालाला चालत नाही. थंड पिशवी आणि विश्वासाचं मेडिकल, दुसरा इलाज नाही.

दुसरा धोका शरीरातला. उलट्या-जुलाबाने पाणी जातं, अन्न घटल्यामुळे अन्नातून मिळणारं पाणीही घटतं, आणि या गटातल्या औषधांनी तहानही कमी लागते असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यात बाहेर ४५ अंश. पाणी आटून मूत्रपिंडाला इजा होण्याचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. तो कोपनहेगनमध्ये वाचणं वेगळं आणि घाटंजीत मे महिन्यात वाचणं वेगळं.

माहितीपत्रकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांचं एकत्र मिश्रण, तोंडाला धड फडकं नाही, आणि मार्गदर्शन म्हणजे दुकानात मिळालेला तोंडी सल्ला. डब्यावरचा इशारा बारीक अक्षरांत होताच. नेमका, ताकदवान रेणू आणि अर्धवट माहिती एकत्र आली की काय होतं, हे कळायला यवतमाळकराला परदेशातलं उदाहरण लागत नाही. आता मेडिकलच्या काउंटरवर "भाऊ, ते वजन कमी करायची सुई भेटते काय?" हा प्रश्न येऊ लागला आहे. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. इंटरनेटवरून मागवलेली सुटी पावडर, पार्लरमध्ये टोचलेली सुई, मैत्रिणीच्या पेनातला उरलेला डोस, हे तिन्ही एकाच मापाचे वेडेपणाचे प्रकार.

खर्चाचं गणित कापसात मांडू. मुंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, तेव्हा सुरुवातीच्या मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती, आठवड्याला एक. महिन्याचे १४,०००. जूनमध्ये वेगोवी आलं, महिन्याला १७ हजारांच्या वर. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे महिन्याच्या चार सुयांना जवळपास दोन क्विंटल कापूस. कोरडवाहू एकराचं पीक दोन-तीन महिन्यांत संपलं. नंतर कंपन्यांनी भाव उतरवले, आणि सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, त्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त सुयांना वाट मोकळी. स्वस्त झाल्याचा मला आनंदच आहे. हृदयाला आणि मूत्रपिंडाला वाचवणारं औषध श्रीमंतांपुरतं राहू नये. पण स्वस्त झालेली गोष्ट आपल्याकडे किती सैलपणे वापरली जाते, ते अँटिबायोटिक्सनी दाखवलं आहे.

सुई बंद केल्यावर काय, हा प्रश्न घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारावा. सेमाग्लुटाइडच्या चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवलं, तेव्हा उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग वर्षभरात परत आला. हार्मोन संपलं, खा-खा परतली. परत येणारं वजन मुख्यतः चरबीचं असतं; गेलेला स्नायू आपणहून येत नाही. चार महिने घेऊन सोडणारा माणूस काट्यावर जिथल्या तिथे आणि आतून जास्त चरबीदार, असं होऊ शकतं. सडपातळ-चरबीदार शरीराला हा सौदा महागात पडेल. याज्ञिकांच्या फोटोनंतर तरी आपण नुसत्या काट्यावर भरवसा ठेवू नये. डॉक्टरांकडे जाल तेव्हा कमरेचा घेर, साखर, यकृत, बीपी, हाताच्या पकडीची ताकद, हे मोजून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या.

माझं मत विचाराल तर ज्याचं वजन खरोखर जास्त आहे आणि सोबत शुगर, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्याने डॉक्टरांशी बोलून हे औषध जरूर घ्यावं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. फक्त फोटोसाठी पाच-सात किलो उतरवायचे असतील, तर घेऊ नये.

आणि घेत असाल तर उन्हाळ्यात एवढं करा. दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उभं राहिल्यावर भोवळ येत असेल, तर पुढची सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका आणि त्याच दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) तपासून घ्या. पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा, आणि तिथे पोचल्यावर ही सुई चालू आहे हे सगळ्यात आधी सांगा.